परात मावेल असं सिंक

शनिवार, संध्याकाळ

पाय भरून आलेत. राजाजीनगरच्या दुकानात दोन तास आम्ही दोघं नुसती सिंकं बघत होतो. स्टीलचं की ग्रॅनाइटचं, एका कप्प्याचं की दोन? मी घरातली मोठी परातच ऑटोतून सोबत नेली होती. ह्यांना लाज वाटली. वाटू दे! परात धुता येणार नसेल तर सिंक काय कामाचं? दोन कप्प्यांच्या सिंकमध्ये ती बसेचना.

दुकानदाराने विचारलं, "घरात किती जण, अम्मा?"

मी पटकन म्हटलं, "चार."

हे माझ्याकडे बघत राहिले. दोन्ही मुली सासरी जाऊन किती वर्षं झाली? असं कसं तोंडातून गेलं?

शेवटी स्टीलचंच घेतलं, एका मोठ्या कप्प्याचं.

घरी येऊन परात माळ्यावर ठेवली आणि वाडग्यात कणीक भिजवली. चार पोळ्यांपुरती.