बार्बाडोसला कुठे राहावं

यिशुन, सिंगापूर
सोमवार, १४ जुलै २०२५

प्रिय सुचित्रा,

सप्रेम नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'इकडे सर्व खुशाल' असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. ऋचा शाळेत गेली आहे, राजस आतल्या खोलीत दार लावून बसला आहे आणि मी ओट्याशी उभी राहून हे लिहिते आहे. बसले की रडू येतं.

काल तुझा मेसेज आला. 'मधू, आम्हीही डिसेंबरात बार्बाडोसचा विचार करतोय. तुम्ही दोन्ही रिसॉर्टमध्ये राहिलात, तर कुठलं बरं ते सविस्तर सांग ना.' पुढे समुद्राचं चित्र आणि एक हसरा चेहरा. सविस्तर हवंय ना, मग सविस्तरच देते. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अर्ध्यात फोन केला असतास, आणि फोनवर तू रडायला लागलीस की मी विरघळते, हे तुला पक्कं ठाऊक आहे. म्हणून कागद. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर, आणि मग मला तुझ्याकडे एक मागायचं आहे, ऋचासाठी. मागायला जीभ रेटत नाही, पण तिची शाळा पुरी होते की अर्ध्यात तुटते हे त्यावर आहे, त्यामुळे मागणार.

तर पहिलं रिसॉर्ट, पश्चिम किनाऱ्यावरचं. समुद्र इतका शांत की तळं वाटावं. खोलीचं दार उघडलं की पायाखाली वाळूच. सकाळी आपल्या नावाच्या खुर्च्या मांडून ठेवतात, दुपारी चहा आणि काकडीची सँडविचेस, रात्री जेवायला चप्पल घालून गेलेलं चालत नाही. राजसला एकदा परत पाठवला होता बूट घालायला. पाहुणे बहुतेक म्हातारी इंग्रज जोडपी, आपसातसुद्धा न बोलणारी. आपण शाकाहारी म्हटल्यावर आचारी बिचारा स्वतः बाहेर येऊन विचारून गेला आणि दुसऱ्या दिवशी नीरफणसाचे काप तळून दिले. अगं, तिथे ब्रेडफ्रूट म्हणतात तो आपल्या कोकणातला नीरफणसच. मला माझ्या आईची आठवण आली.

एक मात्र सांगून ठेवते. तिथे किनाऱ्यावर काही झाडांच्या खोडांना लाल पट्टा रंगवलेला असतो. ती झाडं विषारी. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं दिसतं, पण तोंडाला लावायचं नाही, आणि पाऊस आला तर त्या झाडाखाली उभंही राहायचं नाही, अंगावर फोड येतात. तुझ्या जाईला समजावून ठेव, तिला काहीही उचलून बघायची सवय आहे. तिथली माणसं निदान पट्टा रंगवून सांगतात तरी.

त्या रिसॉर्टमध्ये राजस रोज पहाटे फोन घेऊन चालायला जायचा. 'क्लायंटचा कॉल' म्हणायचा. परत आला की माझ्याशी इतका गोड वागायचा की काय सांगू. मेनूकार्डावर मला किंमत बघू द्यायचा नाही. संध्याकाळी हात धरून पाण्यातून चालायचा. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा पुन्हा हाती लागला म्हणून मी वेडी खूश. त्याचे फोटो तुला पाठवत होते आणि तू उलट बदाम पाठवत होतीस. एकेका फोटोला दोन दोन बदाम.

आता तुला अंदाज आला असेल. हो, मला कळलं.

पण आधी दुसरं रिसॉर्ट, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. ते दक्षिण किनाऱ्यावर. लाटा मोठ्या, वारा सतत, पोहायच्या तलावाच्या मधोमध बार आणि दिवसभर गाणी. खोली वरच्या मजल्यावर, समुद्र गॅलरीतून दिसतो पण गाठायला लिफ्टची वाट बघा. जेवण बुफे, गर्दी, पोरांचा कलकलाट, पण माणसं मोकळी. तिथल्या एका बाईने मला पाण्यावर तरंगायला शिकवलं. जाईला हेच आवडेल. शांतता हवी असेल तर पहिलं, जीव रमवायचा असेल तर दुसरं. सोयी पहिल्यात जास्त आहेत, वाय-फाय दुसऱ्यात चांगलं आहे. इतकं चांगलं की माझी ईमेल तिथे पोचली.

ती ईमेल कसली ते तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते, म्हणजे तुला नंतर 'माझ्या लक्षातच आलं नाही' म्हणायला नको. अन्नपदार्थ तपासणाऱ्या त्या लॅबने मला नोकरी देऊ केली होती. इतकी वर्षं मी इथे राजसच्या नोकरीच्या पासवर डिपेंडंट म्हणून राहिले. या नोकरीबरोबर पास माझ्या नावाने निघाला असता, राजस आणि ऋचा माझ्या पासवर राहू शकले असते. होकार दोन दिवसांत हवा होता. मी नाचतच राजसकडे गेले. तो उन्हात आडवा पडला होता. म्हणाला, "आत्ता कशाला? ऋचाचं ओ लेव्हलच्या परीक्षेचं वर्ष आहे. आपल्याला काय कमी आहे?" मुलीचं नाव पुढे केलं त्याने, सुचित्रा. मुलीचं.

माझं मन ऐकेना, म्हणून मी तुला फोन केला. आमची सकाळ, तुमच्याकडे जेवणं आटपली होती, तू भांडी आवरत होतीस, नळाचा आवाज येत होता. मी विचारलं, घेऊ का गं? तू नळ बंद केलास. मग म्हणालीस, "राजस म्हणतो तर असू दे. घाई करू नकोस. नोकऱ्या काय, मिळतात." मला वाटलं, ही माझ्या संसाराचा विचार करतेय. त्या संध्याकाळी मी लॅबला नकार कळवला आणि आम्ही दोघं मिळून नारळपाणी प्यायलो.

परत आल्यावर ऋचाला तुझ्याकडून घेऊन आले. आठवडाभर पोरगी गप्प गप्प. मला वाटलं अभ्यासाचं टेन्शन. मग एकदा जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "ममा, जाई सेज पापा गॉट नो मोर जॉब. वी गोइंग बॅक टू पुणे, इज इट?" राजसच्या हातातला घास हातातच राहिला. त्याचा चेहरा बघितला आणि मला विचारायची गरजच उरली नाही.

म्हणजे बघ, तुझ्या पोरीला माहीत, माझ्या पोरीला माहीत. ऋचा तुमच्या टेबलाशी बसून जेवत होती आणि हे मनात ठेवून माझे फोटो बघत होती. घरातल्या बाईला तेवढं माहीत नाही. ती तिकडे तरंगायला शिकतेय.

नंतर राजसने सगळं सांगितलं. मे महिन्यातच तुझ्या शैलेंद्रने त्याला ऑफिसात बोलावून सांगितलं होतं की दोन टीम एक होणार, एकच मॅनेजर राहणार, आणि तो राजस नाही. जुलैअखेर शेवटचा दिवस. शैलेंद्रला मी दोष देत नाही, खरंच नाही. यादी वरून आली असणार, त्याच्या जागी राजस असता तर त्यानेही तेच केलं असतं. राजसने त्याला विनवलं, मधूला कळू देऊ नका, एवढी सुट्टी होऊन जाऊ दे, तोवर मी दुसरं काहीतरी मिळवतो. पहाटेचे ते क्लायंटचे कॉल म्हणजे मुलाखती होत्या. एकही जमली नाही. बायकोच्या पासवर राहायची वेळ आली असती तर याचं नाक कापलं गेलं असतं, म्हणून माझी नोकरी नाकारायला लावली. त्याच्याशी माझं भांडण वेगळं आहे, ते मी जन्मभर पुरवून पुरवून भांडीन. नवरा आहे, जाईल कुठे?

तुझ्याशी मला एकदाच भांडायचंय.

तू गुपित फोडलं नाहीस याचा राग नाही मला. शब्द दिला होतास, नवऱ्याच्या ऑफिसचं प्रकरण होतं, समजू शकते. पण अगं, गुपित न फोडतासुद्धा तुला 'घे' म्हणता आलं असतं. 'मधू, घे ती नोकरी.' एवढंच. मी कारणही विचारलं नसतं. राजसशी भांडून घेतली असती, कारण तू म्हणालीस म्हणून. तुला ठाऊक होतं की महिन्याभरात आमचे पास रद्द होणार, ठाऊक होतं की माझ्या हातात एकच दोर आहे, आणि मी तो सोडू का असं तुलाच विचारत होते. आणि तू नळ बंद करून, विचार करून, 'सोड' म्हणालीस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. इतक्या वर्षांत हा वाक्प्रचार मी कितीदा वापरला असेल, त्याचा अर्थ आत्ता कळला.

का गं? खूप विचार केला मी. हो म्हणालीस तर मला संशय येईल आणि शैलेंद्र तुला बोलेल, या भीतीने? की आम्ही इथून गेलेलंच बरं, रोज तोंड दाखवायला नको, असं वाटलं? दुसरं असेल तर मला सांगू नकोस. माझी आई गेली तेव्हा विमानं बंद होती, आणि तू दिवसभर फोन चालू ठेवून बसली होतीस, मी एकटी पडू नये म्हणून. मला तीच सुचित्रा माहीत होती. तिलाच फोन केला होता मी बार्बाडोसहून.

लॅबला मी परत विचारलं. लाज गुंडाळून ठेवली आणि विचारलं. त्यांनी जागा भरली आहे.

आता मागणं. महिनाअखेर राजसचा पास जाईल आणि त्याबरोबर आमच्या दोघींचे. घर कंपनीच्या नावावर आहे, तेही सोडायचं. पुण्याच्या माझ्या जुन्या लॅबने मला परत बोलावलंय, पण लगेच रुजू व्हायला हवं, आणि घरात कुणीतरी कमावतं असायला हवं, राजसचं काही खरं नाही. ऋचाची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आत्ता नेली तर चार वर्षांची मेहनत पाण्यात, तिकडे तिला कुठल्या वर्गात घालायचं तेही कुणाला सांगता येत नाही. शाळा म्हणते, स्टुडंट पाससाठी अर्ज करता येईल, पण इथे तिची जबाबदारी घेणारं, तिला घरात ठेवणारं कुणीतरी हवं. मी सगळी माणसं डोळ्यांसमोर आणली. लिटिल इंडियात भेटली की हसणारी पुष्कळ आहेत, पण पोर ठेवून घ्यावी अशी नाहीत. ऋचाला विचारलं तर क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "सुचीमावशीकडे, ऑफ कोर्स लाह."

ठेवशील तिला? परीक्षा संपेपर्यंत?

मी तिला तुझ्याबद्दल एक शब्द सांगितलेला नाही. तिच्या लेखी तू अजून तीच सुचीमावशी आहेस आणि तशीच राहा, पोरीला परीक्षेच्या तोंडावर आणखी काही तुटलेलं दाखवायला नको. तिच्या खाण्यापिण्याचं तुला मी काय सांगायचं, तुझ्याच हातचं खाऊन वाढली आहे. टेन्शन आलं की जेवत नाही, तेव्हा ओरडू नकोस, नुसती शेजारी बसत जा. आणि एक अट आहे. तिकडे पुण्यात आमचं काही बिघडलं, माझं राजसशी बिघडलं, आणि ते तुझ्या कानावर आलं, तर तिच्यापासून लपवू नकोस. तोंडावर सांग. सोळा वर्षांची आहे, तिला झेपेल. सगळ्यांना माहीत असून आपल्याला माहीत नसणं मात्र झेपत नाही.

उत्तरात फक्त हो किंवा नाही लिही. कारणं नकोत, माफी तर मुळीच नको, माफ करायला सध्या माझ्याकडे काही शिल्लक नाही. नाही म्हणालीस तर समजेन आणि तिला बरोबर घेऊन जाईन. हो म्हणालीस तर मी तिची बॅग घेऊन बेडोकला तुमच्या घरी येईन. तुझ्याकडे चहा घेईन, बार्बाडोसच्या गमती सांगेन, आणि निघताना ऋचासमोर तुला मिठी मारेन. ती मिठी तिच्यासाठी असेल. तू खरी समजू नकोस.

ऋचाची आई,
मधुवंती