पिठीच्या नावाची मूठ

मी, काळुराम पोश्या भोईर, वय वर्षे बहात्तर, धंदा पिठाची गिरणी, राहणार आंबिवली, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणी हाताला धरून बसवलेले नसताना, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मला साखर आहे, गुडघे गेले आहेत, परंतु डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. नयन केणे यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्याबद्दल त्यांनी पैसे घेतले नाहीत, पाच किलो बाजरी दळून नेली.

गेल्या चैत्रात लिहिलेले मृत्युपत्र मी स्वतः फाडले आहे. का फाडले ते कलम सातमध्ये येईल. त्याची झेरॉक्स कोणी पुढे केलीच तर ती रद्द समजावी.

१. राहते घर पत्नी आवडाबाई हिला, आणि तिच्या पश्चात आमची एकुलती मुलगी दर्शना हिला. दर्शना माजिवड्याला सासरी असते, पण तिचा जीव याच घरात आहे. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू भला माणूस आहे, त्याला हलवू नये. दुपारी पेटी वाजवू नकोस एवढे मात्र त्याला कोणीतरी सांगावे. मला नऊ वर्षांत ते जमले नाही.

२. बँकेतली ठेव आईने आणि मुलीने निम्मी निम्मी घ्यावी. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

३. पुतण्या हितेश याने पाच वर्षांत गिरणीत तीन बिल्डर आणले. प्रत्येकाच्या बगलेत इमारतीचे रंगीत चित्र होते आणि प्रत्येक चित्रात पोहण्याचा तलाव होता. "काका, सात माळे उठतील. एक फ्लॅट तुमचा, खाली गाळा पण तुमचा," असे तो म्हणाला. मी विचारले, "आणि गावाने दळण कुठे न्यायचे?" तर म्हणतो, "आटा ऑनलाइन येतो ना आता." त्याच्या बापाच्या हिश्श्याची जमीन त्याने केव्हाच विकून खाल्ली. माझ्यात त्याचा हक्क नाही. त्यांतले एक चित्र मी जपून ठेवले आहे, ते चौकटीत घालून त्याला द्यावे.

४. जात्याच्या दगडाला टाकी लावायचे दोन हातोडे आणि छिन्न्या आवडाबाईला. दगड बोथट झाला की पीठ तापते आणि तापल्या पिठाची भाकरी थापताना तुटते. टाकी माझ्यापेक्षा ती चांगली लावते. हे मी तिला तोंडाने कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहितो.

५. गिरणी व तिच्याखालची जागा १९९६च्या वाटणीत माझ्याकडे आली. ती आवडाबाईला आणि तिच्यानंतर दर्शनाला देतो, पण एका अटीवर. आमच्या गिरणीत पिठी नावाची मांजरी होती. बारदानातून पिल्लू म्हणून आली आणि राहिली. रंगाने काळी, पण सदा पिठात लोळल्यामुळे पांढरी दिसे. अंग झटकले की नवे गिऱ्हाईक दचकत असे. २०१४च्या दिवाळीआधी ती गेली. त्यानंतरच्या वर्षापासून दळण टाकण्याआधी गिऱ्हाईक आपल्या डब्यातली एक मूठ तिच्या फोटोखालच्या पिंपात टाकते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, जे असेल ते. शनिवारी ते सगळे एकत्र दळून टिटवाळ्याजवळ योगिनीताई चालवतात त्या जनावरांच्या शुश्रूषा केंद्रात जाते. तिथल्या लंगड्या-आंधळ्या कुत्र्यांना रोज भाकऱ्या लागतात. कोंडा तिथल्या म्हाताऱ्या बैलांना जातो. पिठीचे चित्र छापलेल्या पिशवीतून आम्ही घावनाचे पीठ विकतो, ती मिळकत मांजरींच्या ऑपरेशनला आणि औषधाला जाते. हे सर्व असेच चालू ठेवावे. कोणी मूठ टाकली नाही तर विचारू नये. पोराची मूठ लहान म्हणून हसू नये.

६. या कामाबद्दल गावाने माझा सत्कार केला होता. त्यातली शाल मी एकदाही पांघरली नाही. ती केंद्रात अंथरायला द्यावी. नारळ तेव्हाच खाल्ला.

७. आता जे लिहायचे टाळत होतो ते. पिठी म्हातारपणाने गेली नाही. त्या वर्षी भाजणीच्या गर्दीत एका बाईला पिठात उंदराची लेंडी सापडली आणि तिने चार जणांत माझी शोभा केली. जिथे लोकांचे अन्न दळले जाते तिथे विष येता कामा नये, पिठी आहे तेवढे पुरे, असे आवडाबाईचे बजावणे होते आणि मी तिला शब्द दिला होता. तरी मी बाजारातून औषध आणले, कणकेच्या सात गोळ्या केल्या आणि मोटरीमागे ठेवल्या. सकाळी उचलायला गेलो तर सहाच होत्या. दुपारी पिठी मारुती शेडगे याच्या बाकड्याखाली मरून पडलेली मिळाली.

हा मारुती माण तालुक्यातला. गिरणीला लागून त्याची चहाची टपरी होती. पिठी त्याच्या दुधात तोंड घालायची. आदल्याच दिवशी तो सर्वांसमोर ओरडला होता, "आता परत दुधाला तोंड लावू दे, बघतोच तिच्याकडं!" मग काय, गावाला वेगळा पुरावा लागला नाही. आवडाबाई भर रस्त्यात उभी राहून म्हणाली, "याचे हातचा चाय जो पिल, त्याचा दलन माझे गिरनीन नाय!" मी तिथेच उभा होतो. मारुती माझ्याकडे बघत होता. माझ्या हातची विषाची पुडी त्याने बघितली नव्हती, पण शेजारी म्हणून मी त्याच्या बाजूने बोलेन असे त्याला वाटत होते. मी बोललो नाही. उलट त्याच्याकडे चहा प्यालेल्या दोघांचे डबे मी स्वतः परत पाठवले. दोन महिन्यांत त्याने टपरी मोडली आणि बायकामुलांना घेऊन कोपरीला गेला. मुठीची कल्पना मला त्यानंतर सुचली. लोक मला दयाळू म्हणू लागले आणि मी म्हणू दिले. मला याची लाज वाटते. पूर्वी ती अधूनमधून वाटे, आता रोज वाटते.

चैत्रातल्या मृत्युपत्रात मी हे सगळे लिहिले होते आणि साक्षीदार म्हणून सही घ्यायला मारुतीकडेच कोपरीला गेलो. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायलाच हवा असे काही नसते. त्याने वाचला, दोनदा वाचला. मग कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "शेट, तुमी मेल्यावर ह्ये लोकांना कळणार. तुमी सुटलासा. मी तवर काय करू? माझी आई गेली तवा तुमच्या गावातनं एक माणूस आला न्हाई. जित्तेपणी सांगा, मग सही मागा." चहा पाजला, सही केली नाही. परत येताना मी तो कागद फाडला. घरी पोचायच्या आत फाडला नसता तर पुन्हा कपाटात ठेवला असता, मला माझा स्वभाव ठाऊक आहे.

८. हे कलम आवडाबाईच्या सांगण्यावरून घातले आहे. वैशाखात मी तिला सर्व सांगितले. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "अकरा वरसां मी त्या गरिबाला शिव्या दिल्या, आनि तुमी आयकत बसलाव?" चौथ्या दिवशी दर्शनाला घेऊन कोपरीला गेली. तिथे काय झाले ते दोघींनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

पाचव्या दिवशी तिने गिरणीवर रंगारी बोलावला. पिंपाशेजारच्या पाटीवर आजवर "पिठीच्या स्मरणार्थ" एवढेच होते. त्याखाली काय लिहायचे ते ती सांगू लागली: "तिला विष मारुती शेडगे यांनी घातले नाही." रंगाऱ्याने ते लिहिले आणि विचारले, "मग कोणी घातले ते लिहायचं का, काकू?" आमच्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. रेशनकार्डाच्या कचेरीतही तिने माझे नाव दर्शनाकडून सांगवले होते. लग्नातला उखाणासुद्धा तिने अर्ध्यावर गिळला होता. दळणाला आलेल्या सात-आठ बाया रांगेत उभ्या होत्या, मी पोत्यावर बसलो होतो. तिने पदर सारखा केला आणि सांगितले, "लिही. काळुराम पोश्या भोईर यांनी घातले." आवाज खणखणीत होता. पन्नास वर्षांच्या संसारात मी माझे नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

पहिल्या आठवड्यात पिंप निम्मेही भरले नाही. काही बायांनी दळण दुसरीकडे नेले. त्यांची चूक आहे असे मी म्हणू शकत नाही. केंद्राला कमी पडू नये म्हणून आवडाबाईने घरच्या तांदळातून भर घातली आणि मला तो वाहून न्यायला लावला.

म्हणून लिहितो की पाटीवरची ती ओळ, माझ्या पूर्ण नावासह, माझ्या मृत्यूनंतरही तशीच ठेवावी. रंग उडाला तर पुन्हा द्यावा. माझ्याविषयीच्या प्रेमाने वा भिडेने जो कोणी ती पुसेल, मग ती दर्शना का असेना, त्याचा गिरणीवरचा हक्क त्या दिवशी संपेल.

येथवरचा मजकूर माझा आहे, मी तो पुन्हा वाचला आहे, आणि खाडाखोड केलेल्या दोन जागी आद्याक्षरे घातली आहेत.

ठिकाण: आंबिवली
दिनांक: १७ जून २०२५

लिहून देणार: काळुराम पोश्या भोईर (सही)

साक्षीदार:
१. डॉ. नयन केणे, आंबिवली (सही)
२. मारुती ज्ञानू शेडगे, कोपरी, ठाणे पूर्व (सही). सगळं वाचलं. पाटी पण जाऊन वाचली, मग सही केली.