‘किंवा’मध्ये दोघंही बसतात, दादा

दादा,

‘प्रिय’ लिहिणार नाही. आज तेवढी माया उरलेली नाही.

बँकेला सुट्टी, म्हणून सकाळी सणसरच्या अभ्यासिकेत मी पोरांना तर्काची कोडी शिकवत होते. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, ‘गौरी किंवा मीना सहलीला जाईल’ म्हणजे एकीनंच जायचं का?” मी तिला तुझंच उत्तर दिलं. हाच प्रश्न मी तुला विचारला होता ना? म्हणून लिहितेय.

किती सोपं करून सांगायचास रे! “पमे, पाव्हण्याला चहा किंवा सरबत विचारलं आन् त्यानं दोन्ही घेतलं, तर हाकलून देतो का आपण? ‘दोन्ही न्हाय’ असं नियमात सांगितलं नसंल, तर दोन्ही चालतं. आपल्या मनानं जोडायचं न्हाय.”

‘तर आणि तरच’ तर डोक्यातच शिरत नव्हतं. तू म्हणालास, “आपली आई बघ. मी जेवलो तर आणि तरच ती जेवती. मी जेवलो, ती जेवली. मी उपाशी, ती उपाशी. एक जेवलेला, एक उपाशी, असं कधी व्हत न्हाय.” आणि लगेच हात पुढं केलास. “चल, ठरलं. तू बँकेच्या परीक्षेला बसलीस तर आणि तरच मी बसणार!”

मी बसले की! बारामतीच्या केंद्रावर मला सोडलंस. “तू हो आत, मी गाडी लावून आलो,” म्हणालास. आणि तसाच माघारी गोठ्यावर गेलास! संध्याकाळी मी भांडले, तर हसत म्हणालास, “आबांना एकजण लागतोच घरी. एकतर तू, न्हायतर मी.”

मी पास झाले, बँकेत लागले. तू दुधाचे कॅन गाडीला अडकवून पहाटे डेअरीवर जात राहिलास. मग त्या धुक्यात, भर रस्त्यात उभी केलेली ती उसाची ट्रॉली. मागं साधा रिफ्लेक्टर नव्हता. तू घरी परत आलाच नाहीस. त्या ट्रॉलीवाल्याला मी रोज शिव्या घालते. पण तुलाही घालते!

आज घरी आल्यावर आबांना विचारलंच. “दादाला नेमकं काय म्हणाला होता तुम्ही?”

आबा वैरण टाकत होते. “आजारी हुतो तवा म्हणलं, तू किंवा पमी, कुणीतरी गोठ्यावर बघा.”

“आम्ही दोघांनी पाळीनं केलं असतं तर?”

“तर काय! बरंच झालं असतं. म्या कुठं न्हाय म्हणलो हुतो?” आणि हातातली पेंढी तशीच धरून ते खाली बसले.

ऐकलंस? ‘दोन्ही न्हाय’ असं आबा म्हणालेच नव्हते. ते तू जोडलंस, तुझ्या मनानं! मला शिकवणाऱ्यानं! मला धार काढता येत नव्हती का? एका शब्दानं विचारायचंस तरी! लोक म्हणतात, भाऊ असावा तर असा. मला ऐकवत नाही. मला त्याग नको होता रे. परीक्षेला माझ्याबरोबर तू हवा होतास.

आबांचे गुडघे आता धरतात, पण गाई विकू देत नाहीत. आज आमचं ठरलंय. एक दिवस धार ते काढणार, एक दिवस मी, आणि मग आवरून बँकेत. उद्या माझी पाळी. तुझी तांबडी लाथा मारते, माहितेय. मारू दे. एकही पाळी चुकवणार नाही, शब्द देते.

राग मात्र इतक्यात सोडणार नाही.

तुझी धाकटी,
पमी