तळघरातली ऊब

६ जानेवारी
रूओनाबाईंकडे राहायला आले. ऊन पडलं होतं, अंगणातला बर्फ बाजूला केलेला होता आणि टेबलावर वेलदोड्याचा पाव. अमेरिकेतल्या सुपीरियर तळ्याच्या या काठावर यापेक्षा चांगलं स्वागत होत नाही. माझी खोली वर आहे. गावात इंटरनेट पुरवणाऱ्या कचेरीत सोमवारपासून नोकरी.

बाईंची एकच अट: त्यांचा कॉम्प्युटर मी सांभाळायचा. तो तळघरात, सॉनाच्या दाराशेजारी आहे. ती वाफेची खोली सतत तापलेली असते. तिची भट्टी सुरक्षेसाठी तासाभरानं आपोआप विझते आणि बटणं आत आहेत. म्हणून बाईंच्या दिवंगत नवऱ्यानं एक प्रोग्रॅम लिहिला, जो तिला बाहेरूनच पुन्हा पुन्हा पेटवतो. पण अपडेट झालं की कॉम्प्युटर बंद होऊन चालू होतो, आणि कोणी पासवर्ड टाकेपर्यंत तो प्रोग्रॅम सुरू होत नाही. बाई म्हणाल्या, मेलं ते न विचारता बंद पडतं, आणि मी बाजारात असले की मग?

९ जानेवारी
काम सोपं होतं. इंटरनेट मोजून मिळतं असं कॉम्प्युटरला सांगितलं की तो अपडेट उतरवत नाही. तशी नोंद केली. सॉना एवढी कशाला तापवायची, असं विचारलं. पाइप गोठतात, म्हणाल्या. दाराला बाहेरून लोखंडी अडसर आहे. त्याबद्दल विचारलं नाही.

१५ जानेवारी
कॉफी पिताना बाईंनी स्वतःच सांगितलं. मुलगा आर्व्हो गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला आणि बर्फ फुटून आत गेला. तो सापडला नाही. मग एका सकाळी चालत घरी आला. गार असला की उपाशी असतो, उबेत झोपतो. मी कप विसळायला घेतला. त्या म्हणाल्या, “तुला खोटं वाटतंय. वाटू दे, पोरी. तू मशीन तेवढं बघ.”

दुःखानं माणसं काय काय मानतात. सॉनाच्या दाराला मात्र मी कान लावला नाही.

२४ जानेवारी
इंटरनेट फार रडत होतं. कचेरीतून नवा राउटर आणला, त्याला नवं नाव दिलं, कॉम्प्युटर जोडला. वेग छान आहे. बाईंनी पाव केला.

२६ जानेवारी
दुपारी परतले तेव्हा पडद्यावर पासवर्डची चौकट होती. भट्टी गार. अडसर मधोमध वाकलेला, दार बोटभर उघडं, आणि बाई खांद्यानं ते रेटत होत्या. उजव्या हाताला अंगठाच उरला होता. बाकीची बोटं आत होती. ती चावली जात असल्याचा आवाज मी ऐकला.

पासवर्ड टाकला. भट्टी पेटली. बऱ्याच वेळानं चावणं थांबलं.

चूक माझी. ती नोंद कॉम्प्युटरसाठी नसते, त्या त्या जोडणीपुरती असते. नवं नाव म्हणजे नवी जोडणी. तिला अपडेटची कसलीही मनाई नव्हती. हे मला माहीत होतं.

२८ जानेवारी
शेजारचे डेनिस बर्फ हटवतात. त्यांनीच बाईंना दवाखान्यात नेलं होतं. आज जाड अडसर जोडून दिला. म्हणाले, अख्ख्या गावाला हुडहुडी आणि रूओनाबाईंच्या तळघरात नरकाची शाखा. कोणी हसलं नाही, तेव्हा हत्यारं गोळा करायला लागले.

दुसरं अपडेट उतरून बसलं आहे. नवी नोंद केली, पण उतरलेलं मागे जात नाही. पुढे ढकललं.

२ फेब्रुवारी
आता ढकलू देत नाही. कामाचे तास निवडा म्हणतं, त्या वेळात बंद होणार नाही. अख्खा दिवस निवडू देत नाही. मग आपणच करायचं, दिवसाउजेडी, डेनिसना सांगून तिघं असताना, भट्टी भरपूर तापवून. बाईंना सांगितलं, तुम्ही वर थांबा. म्हणाल्या, “माझा मुलगा आहे. मी दाराशी बसणार.”

३ फेब्रुवारी, दुपार
सुरू केलं. पडद्यावर: अपडेट होत आहे, बंद करू नका. आकडा हलतो आहे. हात रिकामे राहवत नाहीत म्हणून लिहिते. बाई दाराशी गुणगुणतात. डेनिसकडे कुऱ्हाड.

आकडा अडकला. भिंत गार लागते.

तो जागा आहे. “आई” म्हणाला. स्पष्ट. बाई म्हणाल्या, थोडं थांब राजा, आत्ता ऊब येईल —

अडसर टिकला. बिजागऱ्या नाही टिकल्या.

डेनिसनी एक घाव घातला, खांद्यात, खोल. रक्त आलं नाही, पाणी आलं. मग आर्व्होनं डेनिसचा जबडा धरून खाली ओढला. डेनिस अजून पाय हलवताहेत. जबडा त्याच्या हातात —

बाई त्याला मिठी मारून आहेत. उबेसाठी. तो त्यांच्या मानेत तोंड घालून — त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. आता नाही.

मी टेबलाखाली. माउस हातात. पूर्ण झालं. चालू होतंय. पासवर्ड टाकला. लागला —

प्रोग्रॅम नाही. निळ्या पडद्यावर अक्षरं. नमस्कार. तुमच्यासाठी सगळं तयार करत आहोत.

त्यानं बाईंना सोडलं.

आणखी थोडंच. तुमचं ठिकाण आम्हाला कळू द्यायचं का. नाही. पुढे. तुमच्या आवडीनिवडी. नाही. पुढे. फोन जोडायचा का. नाही. नंतर आठवण करू का — नाही म्हणायला जागाच नाही, फक्त नंतर — दाबलं — पाणी टपकतंय वहीवर — आणखी एकच प्रश्न, म्हणतं, आणखी एक