उतरायला काही पडत नाही

ती. ताईस, धाकट्याचा गुडघे सांभाळून नमस्कार.

प्रथम तक्रार नोंदवून घे. माझी खोली चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. यावर घरमालकीणबाई उवाच, "चढा काय, उतरा काय, अंतर तेवढंच की!"

पण ताई, त्या वाक्याच्या रागातच काम फत्ते झालं! दोन ठिकाणांमध्ये जाण्याचं अंतर एक आणि येण्याचं वेगळं, असं आमच्या संशोधनातलं गणित. आजवर त्यातलं मोठं तेवढं ठेवून आम्ही भांडण मिटवत होतो. काल मी दोन्ही तशीच ठेवली, उतरायचं अंतर शून्य धरलं, आणि वर कोण, खाली कोण, हे नुसत्या अंतरावरून उलगडलं! वर्षभराची गाठ सुटली. मी फळ्यापुढे चक्क नाचलो. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "पंडितजी, धोतर नाही ते बरं!"

आमच्या या गणितात जास्त जाणणारा वर, कमी जाणणारा खाली. म्हणजे शिकायला कष्ट, विसरायला फुकट. हे मी ऐटीत फळ्यावर लिहिलं आणि मग खुर्चीत बसून राहिलो.

भाऊजी पथ्य पाळतात, की तुला नुसतं तसं सांगतात? आईला माझा पराक्रम तिखटमीठ लावून सांग.

रविवारी फोनवर तिनं मला "आपण कोण बोलताय?" असं विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. तुला म्हणून सांगतो, सुट्टीत मी दारात उभा राहीन तेव्हा ती मला ओळखणार नाही, याची मला फार भीती वाटते.

तुझा,
धाकटा