टेबलाखालचा शिपाई

८ मे, गुरुवार
बदली. मंडणगड. २६ तारखेला हजर व्हायचं. टपाल मीच फोडलं, आवकला नोंद मीच केली, मग कळलं नाव कोणाचं आहे ते. सुनंदाचं डायलिसिस मंगळ-गुरू-शनि, इथे रत्नागिरीत. मंडणगड म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. घरात आम्ही दोघंच. तिला नेणार कोण?
बदली रद्द करण्याचा अर्ज टाइप केला. साहेबांच्या शिफारशीशिवाय तो वर जात नाही. आणि साहेबांचीही बदली, पुढच्या शुक्रवारी मोकळे होणार. हातात आठ दिवस.

९ मे, शुक्रवार
अर्ज घेऊन आत गेलो. साहेब मोबाइलकडे बघून हसत होते. "जाधव, अहो, हे तुम्हीच का?"
टीव्हीवरची ती जुनी ऑफिसची विनोदी मालिका. कोणीतरी मोबाइलवर टाकलीय. तेव्हा मी मुंबईत नाटकं करत फिरायचो, मालिकेत शिपाई होतो. साहेबांचं पेन पडतं, शिपाई शोधायला टेबलाखाली शिरतो, वरून हुकूम सुटतात, खालून "हो साहेब", आणि दर वेळी डोकं टेबलाला ठण्ण.
साहेब डोळे पुसत म्हणाले, "लहानपणी पोट धरून हसायचो. माझ्या निरोप समारंभात एवढं करून दाखवाच."
अर्ज? "ठेवा हो. कार्यक्रम झाला की सही."

१२ मे, सोमवार, बुद्धपौर्णिमा
विहारात वंदनेला एकटाच गेलो, सु.ला फार वेळ बसवत नाही. लक्ष नव्हतंच. सारखे बाबा डोळ्यांसमोर.
बाबा अलोऱ्याला, वीज प्रकल्पाच्या कॉलनीच्या ऑफिसात शिपाई. मालिकेचा अकरावा भाग लागला तेव्हा मी सुट्टीला घरी होतो. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर सगळी आळी. जाधवांचा पोरगा म्हणून कौतुक चाललेलं. पडद्यावर मी टेबलाखाली शिरलो आणि हशा पिकला. बाबा उठले, चपला घातल्या, निघून गेले. त्याबद्दल शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बारावा भाग मी केलाच नाही.

१४ मे, बुधवार
साहेबांचा नवा हट्ट, गणवेश हवा. "मोहित्यांचा घ्या ना, मापात बसेल."
मोहिते आमचे शिपाई. माझ्याच वयाचे. मागितला. त्यांनी कपाटातून काढून दिला, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "घ्या भाऊसाहेब. मी कधी घातलाच नाय." का, ते विचारायचं धाडस झालं नाही.
घरी सांगितलं. सु. म्हणाली, "नका करू हो असलं काही. मी जाईन रिक्षाने." परवा जिना उतरताना मधेच चक्कर येऊन बसली होती. रिक्षाने जाईन म्हणे!

१६ मे, शुक्रवार
सकाळी पदभार सोपवल्याचा अहवाल टाइप केला, साहेबांची नि त्यांच्या जागी आलेल्या नव्या मॅडमची सही घेतली, अकराच्या आत वर मेल. कामाला उरक आहे अजून.
चारला समारंभ. केलं. पेन पडलं, शिरलो. गुडघे बोंबलत होते. "हो साहेब", ठण्ण. लोकांची हसून मुरकुंडी. टेबलाखालून दारातल्या चपला दिसत होत्या, मोहित्यांच्या. तिसऱ्या ठण्णला वळल्या नि गेल्या. मी तरी आणखी दोनदा केलं.
अर्जावर सही मिळाली. घरी आलो नि सु.समोर रडलो. आनंदाने, म्हणालो.

१९ मे, सोमवार
नव्या मॅडमनी अर्ज वाचला, मग पदभाराचा अहवाल मागवला. "जाधव, यात म.पू. आहे. म्हणजे दुपारी बाराच्या आधीच त्यांनी खुर्ची सोडली. ही सही चारनंतरची, मी समोरच बसले होते. कशी चालेल?"
म.नं. हवं होतं, मध्यान्हानंतर. मागच्या साहेबांचा जुना अहवाल उघडला, नावं-तारखा बदलल्या, बाकी तसंच ठेवलं. एकतीस वर्षं हेच करतोय. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं, पण ते शुक्रवारीच झालेलं.
"मॅडम, मग तुमची शिफारस..."
"बघते."

२१ मे, बुधवार
गणवेश धुवून, इस्त्री करून मोहित्यांना द्यायला गेलो. घेईनात. "ऱ्हाऊ दे तुमच्याजवळच, भाऊसाहेब. नव्या मॅडम हायत अजून."
टोमणा होता की काळजी, कळलं नाही. पिशवी माझ्या खणात ठेवली.

२३ मे, शुक्रवार
सोमवारी हजर व्हायचं. काल डायलिसिसनंतर सु. भिंतीला धरून चालत होती. मला दिसू नये म्हणून मागे राहिली.
मॅडमनी तीनला बोलावलंय, फाईल घेऊन. कशाला ते सांगितलं नाही. त्या दिवशी त्या हसल्या होत्या का, ते आठवायचा सकाळपासून प्रयत्न करतोय. खालून फक्त पाय दिसत होते.
फाईल काढून ठेवली. खणातून गणवेशाची पिशवी काढली. परत ठेवली. परत काढली.
बाबा, तुम्ही चपला घालून निघालात, तेव्हा घरात आई धडधाकट होती.
तीन वाजले.