उजवा हात वर केलेली बाई

३ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. खोली बरी आहे. सोबतीण शाळेत भूगोल आणि इतिहास दोन्ही शिकवते, माझ्यासारखीच पेपर तपासायला आली आहे आणि तुझ्यासारखीच घोरते, त्यामुळे परकं वाटत नाही.

इथलं काम नीट समजावून सांगते, नाहीतर मी कुठे कारकुनी करायला गेले असं तू आळीभर सांगत सुटशील. शाळेच्या शेवटच्या वर्षातली हुशार मुलं कॉलेजच्या तोडीचा इतिहासाचा पेपर देतात. त्यांचे निबंध तपासायला आम्हा शिक्षकांना एका मोठ्या क्रीडागृहात बसवलं आहे. टेबलांखाली अजून खेळाच्या रेषा दिसतात. आमचं टेबल बरोबर गोलपोस्टच्या जागी आहे. सगळ्या हॉलमध्ये एकच प्रश्न तपासला जातो. मुलांची नावं नाहीत, नुसते क्रमांक.

प्रश्नासोबत सात कागद दिलेले असतात. कुणाचं भाषण, कुणाचा अहवाल, एखादा फोटो. मुलानं स्वतःचं ठाम म्हणणं मांडलं की एक गुण. त्या काळाची पार्श्वभूमी सांगितली की एक. दिलेले कागद पुरावा म्हणून वापरले की दोन, बाहेरचा एखादा पुरावा आणला की एक, कागद कुणी आणि कशासाठी लिहिला याचा विचार केला की एक. आणि शेवटचा एक गुण, जो फार थोड्यांना मिळतो: गोष्ट दिसते तेवढी सरळ नाही हे ज्याला दिसलं त्याला. मग यंत्रानं तपासलेल्या, पर्याय निवडायच्या प्रश्नांच्या गुणांशी या सगळ्याची बेरीज होते आणि मुलाच्या हातात एक ते पाच यातला एक आकडा पडतो. वर्षभराच्या अभ्यासाचा एक आकडा!

मला सगळ्यात आवडलेला नियम असा की चुकीला गुण कापायचे नाहीत. जे आहे त्याचं द्यायचं. शंका आली तर प्रत्येकाला दिलेलं पिवळं कार्ड हातात धरून हात वर करायचा, म्हणजे टेबलप्रमुख सर येतात.

आता खरी बातमी. यंदाचा प्रश्न आपल्या काचकारखान्याच्या संपावर आहे! कारखान्याचं नाव दिलेलं नाही, पण फाटक आणि चिमणी मी ओळखणार नाही का? तिसरा कागद फोटो आहे. फाटकापुढे बायकांची गर्दी, आणि मधोमध उजवा हात वर केलेली एक बाई. तिचा कोपर पुरता सरळ झालेला नाही. मावशी, दोरीवर कपडे टाकताना आईचा हात असाच अडायचा. माझ्या आठवणीत तिचा चेहरा पुसट आहे, पण तो हात नाही. ती आईच आहे ना?

मुलं लिहितात की ही स्त्री घोषणा देते आहे, ती संपाची पुढारी आहे. दिवसभर कोण कुठली मुलं माझ्या आईबद्दल लिहितात आणि मी गुण देते. ऊर भरून येतो. तू मला हे कधी सांगितलं का नाहीस?

कळावे. लोभ कमी करू नकोस, राग चालेल.
तुझी,
मास्तरीण

७ जून

चि. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. घोरण्याचं वाचून शेजारीण पोट धरून हसली. तिला वाचून दाखवणं ही माझी चूक. फोटोचा भाग मात्र तिला वाचून दाखवला नाही.

चुकीला गुण कापत नाहीत म्हणे! इस्पितळाच्या धुलाईखान्यात आमची मुकादम चादरीवर टिकलीएवढा डाग राहिला तरी आकाशपाताळ एक करते. तिला तुमच्याकडे पाठवून द्यावी म्हणते.

कोपर तुझ्या आईचाच. लहानपणी माडीवरून पडली तेव्हा हाड वाकडं बसलं. बाकी काय सांगायचं! फोटोतल्या माणसाला फोटोत राहू दे. तिथे कुणापाशी बोलू नकोस की ती तुझी कोण. आपलं काम कर, वेळेवर जेव, डोळ्यांना त्रास झाला तर गार पाण्याच्या पट्ट्या ठेव.

घरी सगळं ठीक. नळाचा वायसर बदलला.

लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.
मावशी

११ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस ते वाचलं, आणि लिहिलं नाहीस तेही वाचलं.

काल माझ्यासमोर एक उत्तर आलं. अक्षर गिचमिड, पानाच्या कडेपर्यंत रेटलेलं. या मुलानं किंवा मुलीनं (आम्हाला कळत नाही) लिहिलं आहे की सगळे या बाईला पुढारी समजतील, पण तिची मूठ वळलेली नाही. दोन बोटांत काहीतरी धरलं आहे, बहुधा कार्ड. आणि तिच्या आजूबाजूच्या बायका फाटकाकडे नाही, तिच्याकडे बघत आहेत, आणि त्या बघण्यात माया नाही. तेव्हा ती कदाचित आत जाऊ द्या म्हणत असेल. फाटकापुढे उभ्या सगळ्याजणींचं मागणं एकच होतं असं धरून चालू नये.

मी भिंग मागून आणलं. छपाई बारीक आहे, पण बोटांत काहीतरी आहे, मावशी. इतके निबंध तपासले आणि मला दिसलं नव्हतं. मला फक्त कोपर दिसला होता.

तो शेवटचा, दुर्मिळ गुण या मुलाचा आहे असं मला वाटतं. तेवढ्या एका गुणानं एखाद्याचा चाराचा आकडा पाच होऊ शकतो. पण गुण कशाला द्यायचे याच्या आमच्या तक्त्यात फोटोपुढे 'निषेध, नेतृत्व' एवढंच लिहिलं आहे. मी गुण दिला तर कशासाठी देते? त्यानं लिहिलं म्हणून, की मला आतून भीती वाटली म्हणून? आणि नाही दिला तर? आईला पुढारीच राहू द्यावं म्हणून एका परक्या लेकराचा हक्काचा गुण मारला, असं होईल. उत्तर मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं आहे. फार दिवस ठेवता येणार नाही.

आईच्या हातात काय होतं?

उत्तर लगेच पाठव.
तुझी,
मास्तरीण

१४ जून

चि. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

कामावरचं कार्ड होतं.

तुझे बाबा तू पोटात असतानाच गेले. संप लांबला. तू अंगावर पीत होतीस आणि तुझ्या आईला दूध येईना, पोटात अन्न असेल तर येणार ना! त्या दिवशी तुला माझ्याकडे देऊन ती फाटकावर गेली. कार्ड वर धरून पहारेकऱ्याला दाखवत होती, की मी बाटल्या निवडण्याच्या खात्यातली, मला आत घ्या. त्यानं घेतलं. एकटीला.

त्यानंतर आळीत तिच्याशी कुणी बोललं नाही. नळावर ती आली की बायका बादल्या उचलून घ्यायच्या. पुढे संप मिटला, तोच फोटो मोठा करून संघटनेच्या कचेरीत लावला. ज्यांनी तिला वाळीत टाकलं त्याच बायका फोटोकडे बोट दाखवून लेकींना सांगत, बघ, आपल्यातली वाघीण. खाली नाव नव्हतं आणि चेहरा अर्धा झाकलेला. तुझी आई तो रस्ता सोडून लांबून जायची.

ती म्हणाली होती, पोरीला सांगू नकोस. मी शब्द पाळला. आता तूच विचारलंस, तर खोटं कसं लिहू?

शेवटच्या आजारात झोपेत तिचा उजवा हात वर जायचा. डॉक्टरांना वाटे पाणी मागते. मला ठाऊक होतं काय ते.

गुणाचं तू बघ. त्यात मला काय कळतंय! पण लेकराला त्याचं मिळावं एवढं खरं.

जपून राहा.
मावशी

१७ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हॉलच्या पायरीवर बसून वाचलं. मग आत जाऊन ते उत्तर बाहेर काढलं, पिवळं कार्ड घेतलं आणि हात वर केला.

सर दूरच्या टेबलाशी होते. मी हात तसाच धरून राहिले. तेव्हा पहिल्यांदा मान वळवून बघितलं. हॉलभर ठिकठिकाणी हात वर होते, बोटांत कार्डं, नजरा कुणीतरी येण्याच्या वाटेकडे. माझा कोपर चांगला आहे, मावशी, पण त्या वेळी तो पुरता सरळ होईना.

सर आले. मी त्यांना त्या मुलाच्या ओळी दाखवल्या, आणि म्हटलं की गुण द्यावा असं मला वाटतं, पण ही बाई माझी आई आहे, तेव्हा निर्णय माझ्या हातून नको. शरम वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटली. सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. म्हणाले की आपण सगळेच हात बघत बसलो, बोटं कुणी बघितली नाहीत. आईबद्दल एक शब्द विचारला नाही. उत्तर त्यांनी भूगोलवाल्या माझ्या सोबतिणीकडे दिलं. तिला काही ठाऊक नव्हतं. तिनं वाचलं आणि शेवटचा गुण दिला. दुपारी तक्त्यात सर्वांसाठी एक ओळ वाढली, की ही स्त्री आत जाऊ द्या म्हणते आहे असं कुणी पुराव्यानिशी म्हटलं तर तेही धरावं.

मला वाटलं होतं, आता सुटले. पण तसं झालं नाही. गठ्ठे येतच आहेत आणि पानापानांवर ती घोषणा देणारी वाघीण आहे. चुकीला गुण कापायचे नाहीत हा नियम मीच मिरवला होता. मी गुण देते, पान उलटते, पुढच्या पानावर ती पुन्हा फाटकापुढे, हात वर. डोळे मिटले तरी हात खाली येत नाही. काल सोबतीण म्हणाली, तू झोपेत हात वर केला होतास, काही हवं होतं का?

आईचा हात वर जायचा तेव्हा तू काय करायचीस?

कळावे, आणि कळवावेही.
तुझी,
मास्तरीण

२० जून

चि. बाळीस,
अ. उ. आ.

आज मास्तरीण म्हणवत नाही.

मी तिचा हात धरायची आणि कानाशी सांगायची, उघडलंय गं, जा आत, पोरगी माझ्यापाशी आहे. मग हात आपोआप खाली यायचा.

तूही तिला तसंच सांगून बघ.
मावशी